शेपटीची चार भोकं आम्ही कोरी का ठेवली आहेत

आमच्या स्वतः जोडायच्या विमानाच्या संचाचं खोकं उघडल्यावर ग्राहकांचा पहिला फोन बहुतेक याच कारणासाठी येतो. "अहो, स्टॅबिलायझर धडाला जोडायच्या पट्ट्यांना भोकंच नाहीत. पाडायची राहिली का?" राहिलेली नाहीत. स्टॅबिलायझर म्हणजे शेपटीचा आडवा, स्थिर पंख, आणि स्पार म्हणजे त्याच्या आतली टोकापासून टोकापर्यंतची तुळई. पुढच्या स्पारची दोन आणि मागच्या स्पारची दोन, अशी चारही भोकं मुद्दाम सोडली आहेत. धड तुम्ही जोडलंय, पंखही तुम्हीच बसवलेत. रिव्हेट मारताना, वेल्डिंग करताना कुठे एक मिमी इकडे, कुठे दोन तिकडे झालेलंच असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. शेपूट मात्र त्या तयार विमानाकडे बघून बसवायची असते. आम्ही इथूनच भोकं पाडून पाठवली, तर ती आमच्या जिगला (जोडणीच्या साच्याला) तंतोतंत जुळेल, तुमच्या पंखांना जुळेलच असं नाही.

म्हणून पहिली विनंती: पंख मुख्य बोल्टवर चढल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. शेपूट आधी तयार होते आणि लावून बघायची घाई होते, हे आम्हाला ठाऊक आहे. क्लॅम्प लावून बघा, फोटो काढा, उतरवून ठेवा.

फरशी विसरा

फरशी सपाट नसली तरी अडत नाही. आपल्याला जमिनीशी कोन नको आहे, धडाशी आणि पंखाशी हवा आहे. धड आधी आडवं सम करा: दोन्ही लाँजरॉनवर (धडाच्या लांबीभर जाणाऱ्या दांड्यांवर) सरळ पट्टी टाकून त्यावर पाणसळ ठेवा. मग लांबीत सम करा, नकाशात दिलेल्या संदर्भरेषेवर. चाकांवर उभं विमान माणूस टेकला तरी हलतं, त्यामुळे धड घोड्यांवर (पक्क्या टेकूंवर) घ्या.

डिजिटल लेव्हल वापरत असाल तर तिच्यावर आंधळा विश्वास नको. एकदा वाचन घ्या, मग तीच लेव्हल त्याच जागी उलट दिशेने फिरवून ठेवा. दोन वाचनांत तफावत आली तर खरा कोन मधला. हे न केल्यामुळे लेव्हलची स्वतःची चूक अख्ख्या विमानात उतरते.

आता कोन. पंखाचा आणि स्टॅबिलायझरचा एकमेकांशी असलेला फरक महत्त्वाचा. नकाशात पंख अधिक १ अंश आणि स्टॅबिलायझर शून्य असेल, आणि तुमचा पंख प्रत्यक्षात अधिक १.३ भरला, तर स्टॅबिलायझर अधिक ०.३ वर जाईल. दोन पंखांतच फरक असेल तर आधी तो निस्तरा. शेपटीला पीळ देऊन पंखाची चूक झाकायला जाऊ नका.

स्टॅबिलायझरचा पृष्ठभाग गोलाकार असतो, त्यावर थेट ठेवलेली लेव्हल काहीतरी भलतंच सांगते. आमच्या संचात प्लायवुडचे दोन साचे आहेत, त्यांची वरची कड छेदाच्या मध्यरेषेला समांतर आहे. ते रिबवरच (आतल्या फासळीवरच) ठेवा, दोन रिबांमधल्या पत्र्यावर नको. पुढून मागे ७०० मिमी रुंदीच्या स्टॅबिलायझरला अर्धा अंश म्हणजे मागच्या कडेला सुमारे ६ मिमी. एवढा फरक एलिव्हेटर (स्टॅबिलायझरच्या मागची हलणारी फळी) भरून काढतो, पण मग तो सरळ उड्डाणातही कायम कललेला राहतो आणि ट्रिमचा (दांडीवरचा जोर काढून टाकणाऱ्या सोयीचा) प्रवास एका बाजूला संपत येतो. उजव्या-डाव्या बाजूंचा कोन वेगळा निघाला तर मात्र थांबा. तो पीळ आहे, आणि पीळ विमानाला एका कुशीवर ढकलत राहतो.

टेप कुठून धरली?

शेपूट धडाला काटकोनात आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. फायरवॉलच्या (इंजिनामागच्या आडभिंतीच्या) मध्यावर एक खूण करा. तिथून स्टॅबिलायझरच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजा, दोन्ही बाजूंना नेमक्या त्याच रिव्हेटपर्यंत. समजा स्टॅबिलायझर टोकापासून टोकापर्यंत २.४ मीटर आहे आणि खूण ३.५ मीटर पुढे आहे. दोन अंतरांत ४ मिमीचा फरक म्हणजे शेपूट सुमारे ०.१ अंश फिरलेली. मात्र ती न फिरता नुसती ६ मिमी बाजूला सरकली असेल तरी साधारण तेवढाच फरक दिसतो. म्हणून मध्यरेषेपासून दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर आधी सारखं करा, तिरकी मापं त्यानंतर.

टेपच्या टोकाचा धातूचा आकडा (हूक) थोडा सैल असतो, तसा तो मुद्दामच ठेवलेला असतो, पण या कामात तो नडतो. तो बाजूला ठेवून १०० मिमीच्या रेषेपासून मोजा. इथे आमचीच एक फजिती सांगतो. आमच्या पहिल्या विमानाला डावीकडे १०० पासून मोजलं, मग चहाला गेलो, परतल्यावर उजवीकडे शून्यापासून मोजलं. फरक बरोबर १०० मिमी आला असता तर लगेच कळलं असतं, पण आमच्यातल्या एकाने "वजा करायचं राहिलं" म्हणून १०० वजाही केले, तेही चुकीच्या बाजूने. अर्धी दुपार आम्ही एका बिचाऱ्या सरळ शेपटीला हाणत होतो. तेव्हापासून दोन्ही बाजू एकाच माणसाने, एकाच दमात मोजायच्या आणि दुसऱ्याने लिहायच्या.

सकाळी लवकर मोजा. ॲल्युमिनियमचं ४ मीटर धड १५ अंश सेल्सियसने तापलं तर जवळजवळ दीड मिमी वाढतं. एका बाजूवर ऊन आलं तर ती बाजू वाढून धडाला बाकही येतो. दोरी लावायची असेल तर नायलॉनची नको, ती ताणते. ओळंबा हलत असेल तर त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवा, लगेच स्थिरावतो.

फिन

फिनच्या, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाच्या, मागच्या स्पारच्या माथ्यापासून स्टॅबिलायझरच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरं सारखी हवीत. फिन १.२ मीटर उंच धरली तर ३ मिमीचा फरक म्हणजे ०.१ अंशाचा कल.

माप मागच्या स्पारवरूनच घ्या, पुढच्या कडेवरून नको, कारण काही नकाशांत पुढची कड मुद्दाम डावीकडे सरकवलेली असते. कॉकपिटमधून बघताना पंखा (प्रोपेलर) घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर त्याचा पिळलेला झोत फिनच्या डाव्या अंगावर आदळतो, शेपूट उजवीकडे आणि नाक डावीकडे जातं. सरकवलेली फिन तो झोत अंगावर कमी घेते. कारच्या इंजिनापासून केलेली काही इंजिनं पंखा उलट दिशेने फिरवतात. तसं इंजिन लावणार असाल तर फिनला हात लावण्याआधी आमच्याशी बोला.

मग ड्रिल

सगळं जुळलं की क्लॅम्प घट्ट करा आणि पुन्हा एकदा मोजा, कारण घट्ट करताना पट्टी सरकते. आधी पुढची दोन भोकं, बारीक ड्रिलने. परत मोजा. मागच्या स्पारखाली फट राहिली असेल तर तिच्या मापाची ॲल्युमिनियमची पाचर घाला. रिकामी फट बोल्टने आवळून मिटवू नका, स्पार वाकतो आणि साधलेला कोनही जातो.

बोल्ट ३/१६ इंची, म्हणजे ४.८ मिमीचे आहेत. भोकाच्या मध्यापासून कोणत्याही कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट, म्हणजे किमान ९.५ मिमी धातू राहायला हवा. वरून दिसणारी कड सगळेच बघतात, फसवते ती खालच्या अँगलची न दिसणारी कड. तिची रेघ आधीच बारीक मार्करने वर काढून घ्या (स्क्रायबरने नको, ओरखड्यातून तडा सुरू होतो). शेवटचं माप रिमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने). त्यानंतर सगळं सुटं करा, भोकांच्या कडा साफ करा, दोन पत्र्यांमध्ये अडकलेला कीस काढा आणि मगच बोल्ट घाला.

एलिव्हेटरचे दोन भाग याच दिवशी जुळवू नका, डोळे थकलेले असतात. दुसऱ्या दिवशी बिजागऱ्यांमधून एक सरळ नळी किंवा ताणलेली तार घालून त्या एका रेषेत आहेत का ते बघा. दोन्ही बाजू शून्यावर धरा आणि मग दोन्ही हॉर्नमधून (एलिव्हेटर हलवणाऱ्या तरफांमधून) एकदमच भोक पाडा. रंग दिल्यावर एलिव्हेटरचा तोल पुन्हा तपासावा लागेल, रंगाचं वजन कडेला बसतं आणि तोल गेलेला एलिव्हेटर वेगात फडफडू शकतो.

संचातल्या पिवळ्या कागदावर सगळी मापं दोनदा लिहायला रकाने आहेत. भोकं पाडण्याआधी तो कागद आम्हाला पाठवा, तुमच्या तपासणी अधिकाऱ्यालाही दाखवा. काही जुळत नसेल तर फोन करा. आमचा पहिला प्रश्न टेप कुठून धरली होती, हाच असेल.