बाहेरचा डेटा वर्डप्रेसमध्ये ओतावाच लागतो, हे खरं नाही

म्हापसा, फोंड्याकडे कोणी दुकानाची किंवा वाचनालयाची साइट करायला घेतली की हमखास सांगतात, आधीपासून वापरात असलेल्या सॉफ्टवेअरमधला डेटा साइटवर दाखवायचा तर आधी सगळा वर्डप्रेसमध्ये (साइट चालवणाऱ्या प्रणालीत) इम्पोर्ट करा. असं काही नाहीये, उगाच लोकांचे पैसे जातात.

समजा 5,000 पुस्तकं आणि प्रत्येकाची लेखक, प्रकाशक, किंमत वगैरे 8 फील्ड वर्डप्रेसमध्ये कस्टम फील्ड (पोस्टला जोडलेली जादा माहिती) म्हणून टाकली, तर ती माहिती ठेवणाऱ्या पोस्टमेटा टेबलात 40,000 ओळी होतात कारण तिथे प्रत्येक फील्डची वेगळी ओळ बनते, आणि व्हॅल्यूच्या कॉलमला मुळात इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नसतो, मग लेखकावरून शोधलं की साइट रखडते. शिवाय इम्पोर्ट केलेली प्रत जुनीच राहते, म्हणून काउंटरवरून पुस्तक गेलं तरी साइटवर ते उपलब्धच दिसतं!

त्यापेक्षा सॉफ्टवेअरचा मूळ डेटाबेसच साइटवरून थेट वाचा. तो मायएसक्यूएल प्रकारचा असेल तर वर्डप्रेसचाच डब्ल्यूपीडीबी क्लास (डेटाबेसशी जोडणारा तयार कोड) दुसरं युजरनेम, पासवर्ड, होस्ट देऊन वापरता येतो. द्रुपलमध्ये (वर्डप्रेससारखीच दुसरी प्रणाली) तर सेटिंग्जच्या फाइलमध्येच दुसरं कनेक्शन लिहायची सोय आहे. फक्त त्या युजरला नुसती सिलेक्टची (म्हणजे फक्त वाचायची) परवानगी द्या, हे प्लीज विसरू नका.

डेटाबेस ऑफिसच्या पीसीवर असेल तर मात्र तो थेट इंटरनेटला उघडा ठेवू नका, सुरक्षेचा प्रश्न आहेच आणि पावसात लाइट गेली की यादीपण गायब होणार, त्यापेक्षा दर तासाला डेटाची जेसन फाइल (साधी मजकूर फाइल) होस्टिंगवर, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे तिथे, पाठवा आणि साइटला तीच वाचू द्या.