बॅप्टिस्ट मंडळीतील सामायिक सेवा

बॅप्टिस्ट पंथाच्या स्थानिक मंडळीत उपासना, धर्मशिक्षण, आजारी आणि गरजू माणसांची विचारपूस, सुवार्ताप्रसार, पैशांचा हिशेब ही सगळी कामे सभासदांनी आपसांत वाटून घेण्याची रीत. मंडळीला पाळक असतो, बहुधा पगारीही असतो. पण सेवा त्याची एकट्याची नव्हे, बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाची, अशी यामागची धारणा आहे. वर बिशप नाही, नेमणुका करणारे धर्मपीठ नाही. पाळक म्हणून कोणाला बोलवायचे, छताच्या दुरुस्तीवर किती खर्च करायचा, नव्या माणसाला सभासद करून घ्यायचे की नाही, हे मंडळीची सभा ठरवते. ज्याला मत आहे त्याला कामही आहे, असा हा हिशेब. मराठी ख्रिस्ती वापरातला ‘मंडळी’ हा शब्द इथे चपखल बसतो, कारण त्यात इमारत येत नाही, माणसेच येतात.

उगम

बॅप्टिस्टांची पहिली मंडळी 1609 साली ॲम्स्टरडॅममध्ये जमली. जॉन स्मिथ आणि टॉमस हेल्विस यांच्याबरोबर इंग्लंड सोडून आलेले हे लोक होते. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा त्यांना मान्य नव्हता. समजत्या वयात स्वतः विश्वास कबूल करणाऱ्याचाच बाप्तिस्मा खरा, असे ते म्हणत. पुढचे सारे या एका मुद्द्यातून निघाले. जो स्वतःच्या तोंडाने कबुली देऊन आत आला, तो नुसता श्रोता कसा राहील?

1611 मध्ये हेल्विसच्या गटाने विश्वासाचा जो जाहीरनामा काढला, त्यातली दोन कलमे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. सभासदांनी एकमेकांना नीट ओळखले पाहिजे, म्हणून परस्परांची ओळख राहणार नाही इतकी मोठी मंडळी असू नये, असे एक कलम सांगते. गरिबांची आणि दुबळ्यांची गरज भागवणारे डीकन पुरुषही असतील आणि स्त्रियाही, असे दुसरे. पहिले कलम संख्येच्या रेट्यापुढे टिकले नाही. दुसरे कित्येक मंडळ्या सोयीस्करपणे विसरल्या. पुढच्या चारशे वर्षांत बॅप्टिस्टांनी जे गट, वर्ग आणि समित्या काढल्या, त्यांतल्या बऱ्याचशा त्या पहिल्या कलमाची भरपाई करण्यासाठीच निघाल्या, असे म्हणायला हरकत नाही.

शास्त्राधार नेहमीचे आहेत. पेत्राच्या पहिल्या पत्रात सगळ्या विश्वासणाऱ्यांना याजकगण म्हटले आहे, करिंथकरांस पत्रात एका शरीराचे अनेक अवयव आणि निरनिराळी कृपादाने आहेत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला प्रसंग मात्र अगदी व्यवहारातला. रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार येते. प्रेषित स्वतः पंगतीला वाढायला जात नाहीत आणि माणसेही स्वतः निवडत नाहीत. तुमच्यातले सात जण तुम्हीच निवडा, असे जमावाला सांगतात. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायावर तर स्वल्पविरामाचा वाद आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरात ‘पवित्र जनांना सिद्ध करणे’ यापुढे स्वल्पविराम होता, त्यामुळे ‘सेवेचे कार्य’ पाळकांच्या वाट्याला जाई. तो काढला की पाळकाचे काम सभासदांना तयार करण्याचे ठरते आणि सेवा सभासदांची होते. विसाव्या शतकात सामायिक सेवेचा पुरस्कार करणाऱ्यांनी या एका चिन्हावर पुष्कळ शाई खर्च केली.

सभा आणि पदे

मंडळीची सभा पूर्वी महिन्यातून एकदा भरे. आता बऱ्याच ठिकाणी ती तिमाहीवर आली आहे. प्रार्थना, मागच्या सभेचे इतिवृत्त, खजिनदाराचा अहवाल, समित्यांचे अहवाल, मग आयत्या वेळचे विषय. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला बसलेल्या माणसाला यातले काहीच परके वाटू नये, गच्चीच्या गळतीसकट. फरक सिद्धान्तात आहे. बॅप्टिस्ट म्हणतात की आम्ही बहुमत मोजत नाही, ख्रिस्ताची इच्छा काय आहे ते मिळून ओळखतो. शेवटी हात मात्र मोजावेच लागतात.

सभा हाताबाहेर जाणे नवे नाही. 1863 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड इथे एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये भरलेल्या सभेत हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी अभियंत्याला ऐन वेळी अध्यक्षस्थानी बसवले. सभा कशी चालवतात हे त्याला ठाऊक नव्हते आणि व्हायचा तो गोंधळ झाला. पुन्हा अशा प्रसंगी नियम माहीत असल्याशिवाय जायचे नाही, असा त्याने निश्चय केला आणि 1876 मध्ये सभाशास्त्राचे नियम छापले. अमेरिकेतल्या असंख्य संस्था आजही ठराव आणि उपसूचना त्याच नियमांनी चालवतात.

निवडून दिलेल्या पदांत डीकन सर्वांत जुने. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सेवक. मराठी शास्त्रातही ‘सेवक’ असेच भाषांतर आहे. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला बाकांपर्यंत नेणे, गरिबांचा निधी सांभाळणे, आजाऱ्यांच्या घरी जाणे ही त्यांची कामे. अमेरिकेत हळूहळू डीकनांचे रूपांतर संचालक मंडळात झाले. तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे गेली आणि वाढणारे हात मागे पडले. ते पालटावे म्हणून 1970च्या दशकात सदर्न बॅप्टिस्टांनी (अमेरिकेच्या दक्षिण भागात उभ्या राहिलेल्या बॅप्टिस्ट संघाने) प्रत्येक डीकनला ठरावीक कुटुंबे नेमून देण्याची योजना आणली. कोणाच्या घरी बाळ झाले, कोणाची नोकरी गेली, हे पाळकाआधी त्या डीकनला कळावे, अशी अपेक्षा.

बाकीची पदे भरण्याचे काम नामनिर्देशन समितीचे. वर्ग घेणारे, गायकवृंद, दारावर स्वागत करणारे, स्वयंपाकघर, बाळवर्ग अशी लांबलचक यादी घेऊन समिती एकेकाला फोन करत सुटते. कोणाचा कल कशाकडे आहे हे पाहून काम द्यावे, असे सगळेच मानतात. व्यवहारात जो नाही म्हणायला कचरतो त्याच्या नावापुढे तीन समित्या लागतात.

रविवारची शाळा

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या बॅप्टिस्टांकडे संडे स्कूल मुलांपुरते नसते. आजी-आजोबांचाही वर्ग असतो आणि मंडळीची खरी बांधणी त्या वर्गांतूनच होते. आर्थर फ्लेक हा मूळचा दुकानदारीतला माणूस. 1920च्या सुमारास त्याने यासाठी पाच पायऱ्या मांडल्या. आवाक्यात किती माणसे आहेत ते हेरा, वर्ग वाढवा, जागा करा, शिक्षक मिळवून तयार करा, मग लोकांना आणायला जा. वर्ग आधी आणि विद्यार्थी नंतर, हा क्रम दुकानदाराला शोभणारा आहे. वर्गात शिक्षक, चिटणीस, आणि गैरहजर राहिलेल्याची चौकशी करणारे गटप्रमुख. दानाच्या छोट्या पाकिटावर चौकटी छापलेल्या असत : हजर, वेळेवर, बायबल आणले, दान, धडा वाचला, उपासनेला थांबणार. दर रविवारी त्यांवर खुणा करून पाकीट द्यायचे. हजेरीचा हा सोस पुढे थट्टेचा विषय झाला खरा, पण दोन रविवार न आलेल्याच्या दारात कोणीतरी उभे राहायचे ते या खुणांमुळेच.

डेक्स्टर ॲव्हेन्यू, 1954

सभासदांची मांडणी एका पाळकाने कशी केली, याचा उत्तम दस्तऐवज अलाबामातल्या माँटगमरीचा आहे. डेक्स्टर ॲव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च ही 1877 मध्ये स्थापन झालेली कृष्णवर्णीयांची मंडळी. राज्याच्या विधानभवनासमोरच तिची लाल विटांची इमारत आहे. सभासदांत प्राध्यापक आणि शिक्षकांचा भरणा, डीकन वजनदार, आणि पाळकाशी खटके उडण्याची परंपरा. 1954 मध्ये 25 वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) पाळक म्हणून आले आणि सप्टेंबरातच त्यांनी येत्या वर्षासाठी लेखी शिफारशी मांडल्या.

त्यातली बारा महिन्यांच्या क्लबांची कल्पना साधी आणि हुशारीची आहे. प्रत्येक सभासदाला मंडळीत एक लहान, जवळचे वर्तुळ मिळावे, हा हेतू. जानेवारीत जन्मलेले सगळे आपोआप जानेवारी क्लबात, फेब्रुवारीतले फेब्रुवारी क्लबात. अर्ज नाही, निवड नाही. प्राध्यापक आणि मोलकरीण एकाच महिन्यात जन्मल्या तर एकाच क्लबात. पदाधिकारी क्लबानेच निवडायचे. बैठक महिन्यातून एकदा. आपल्या नावाचा महिना आला की मात्र दर आठवड्याला. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी क्लबाने मंडळीला खास देणगी द्यायची आणि मंडळीच्या वर्धापनदिनी निदान 100 डॉलर. हा पैसा इमारत निधीत. 1611च्या त्या कलमाला 343 वर्षांनी मिळालेले हे एक उत्तर म्हणता येईल.

जोडीला नव्या सभासदांसाठी समिती, समाजसेवेची, शिष्यवृत्तीची, धर्मशिक्षणाची समिती, आणि एक सामाजिक व राजकीय कृती समिती. प्रत्येक सभासद नोंदणीकृत मतदार असावा आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचाही सभासद असावा, असा आग्रह या शेवटच्या समितीने धरायचा होता. मेरी फेअर बर्क्स आणि जो ॲन रॉबिन्सन या दोघी तिच्या प्रमुख. डिसेंबर 1955 मध्ये बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला न दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली, त्यानंतर रात्रभर जागून बस-बहिष्काराची हजारो पत्रके चक्रमुद्रित करणाऱ्या त्याच जो ॲन रॉबिन्सन. बस-बहिष्कार वर्षभराहून अधिक चालला. तो एका मंडळीचा नव्हता, शहरातल्या अनेक मंडळ्यांचा आणि संघटनांचा होता. पण माणसे कामाला लावायची सवय आधीच होती, हे विसरून चालणार नाही.

गंमत अशी की याच शिफारशींच्या प्रारंभी किंग यांनी नेतृत्व बाकांकडून व्यासपीठाकडे चढत नाही, व्यासपीठाकडून बाकांकडे उतरते, असे बजावले होते. बॅप्टिस्ट सिद्धान्तात हे बसवणे अवघड आहे. कृष्णवर्णीय मंडळ्यांत पाळकाचा अधिकार मोठा असतो आणि तिथे सामायिक सेवा बहुधा अशी पाळकाच्या शब्दावर उभी राहते. पांढरे हातमोजे घालून दारावर उभे राहणारे स्वयंसेवक, शुभ्र पोशाखातल्या ज्येष्ठ ‘माता’, हे सगळे त्या शिस्तीचे भाग.

स्त्रियांचा वाटा

सदर्न बॅप्टिस्ट स्त्रियांनी 1888 मध्ये रिचमंड इथे आपली स्वतंत्र मिशनरी संघटना काढली. चीनमध्ये काम करणाऱ्या लॉटी मून यांच्या पत्रांवरून त्याच वर्षी नाताळचे खास दान सुरू झाले, ते आजही त्यांच्या नावाने गोळा होते. पैसा उभारणाऱ्यांना व्यासपीठ मात्र सहज मिळाले नाही. या संघात पाळकपदाची दीक्षा मिळालेल्या पहिल्या स्त्री ॲडी डेव्हिस. त्यांची दीक्षा 1964 ची. 2000 मध्ये संघाने पाळकपद पुरुषांपुरते असल्याचे आपल्या विश्वासनाम्यात लिहिले. इतर अनेक बॅप्टिस्ट संघ हे मानत नाहीत, आणि स्थानिक मंडळी स्वायत्त असल्याने वाद कधी मिटतही नाही.

भारतात

इंग्रज बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी आणि त्यांचे सहकारी जानेवारी 1800 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला एकत्र राहू लागले. पहिल्याच महिन्यात त्यांनी घराचे नियम केले. उपदेश आणि प्रार्थना पाळीपाळीने, घरकारभार दर महिन्याला वेगळ्या माणसाकडे, खजिना आणि औषधांची पेटी केरींकडे, ग्रंथालय सहकारी फाउंटन यांच्याकडे. शनिवारची संध्याकाळ रुसवेफुगवे मिटवण्यासाठी राखलेली. खासगी धंदा कोणी करायचा नाही, सगळी कमाई सामायिक. केरी पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागले. त्यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये आणि कोश 1810 मध्ये निघाला. मराठीच्या या व्याकरणामागच्या पगाराचा मोठा भाग त्या सामायिक पेटीतच जाई.

मराठी मुलखातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या मुख्यतः अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश आणि अँग्लिकन मिशन यांच्यातून उभ्या राहिल्या. बॅप्टिस्ट इथे थोडे. तरी 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली तेव्हा सामील झालेल्या सहा संघांत उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषदही होती. त्यांनी बिशप स्वीकारला. बदल्यात बालकाचा आणि प्रौढाचा असे दोन्ही बाप्तिस्मे नव्या चर्चने ग्राह्य धरले.

ईशान्येत चित्र निराळे आहे. मिझोरमच्या बॅप्टिस्ट चर्चचा कारभार लुंगलेईजवळच्या सेरकॉन इथून चालतो आणि पाळकांच्या नेमणुकाही मध्यवर्ती पातळीवर होतात. स्थानिक स्वायत्ततेचा जुना नियम तिथे बराच सैल आहे. सामायिक सेवा मात्र थेट चुलीपर्यंत पोहोचली आहे. भात शिजवण्याआधी घरातली बाई एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकते. याला ‘बुहफाय थाम’ म्हणतात. आपल्याकडच्या मुष्टिफंडाची आठवण यावी असा हा प्रकार. साठलेला तांदूळ स्त्रियाच घरोघर फिरून गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसा मंडळीच्या कामाला लागतो. ज्या घरात रोख पैसा नाही, त्याचेही नाव देणाऱ्यांत असते.