अधांतरी कणाचं वजन

'निर्वात पोकळीत कण तरंगवला' असं कुठे छापून आलं की पाठोपाठ 'गुरुत्वाकर्षणावर मात' हे शब्द येतातच. मात वगैरे काही नाही. टेबल जसं पेल्याला खालून रेटून धरतं, तसंच विद्युतक्षेत्र किंवा लेझरचा प्रकाश त्या कणाला धरून ठेवतो. वजन होतं तेवढंच राहतं. (अधांतरी बसणाऱ्या बाबांनाही हाच नियम लागू, त्यांचा आधार बहुधा कफनीत लपलेली लोखंडी सळई असते.)

मुळात कण उचलायचा कशाला? त्याचं वस्तुमान मोजायला. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाच्या काचेच्या कणाचं वस्तुमान ग्रॅमच्या साधारण एक लाख कोटीव्या भागाइतकं भरतं. तो कशावरही टेकला की चिकटतो, आणि हे चिकटण्याचं बल त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतं. तिथे तराजू काय करणार?

विद्युतभार असलेला कण नुसत्या स्थिर विद्युतक्षेत्रात अडकवता येत नाही, हे इंग्रज गणितज्ञ सॅम्युअल अर्नशॉने १८४२मध्येच दाखवलं होतं. एका दिशेने आवरला की दुसरीकडून निसटतो. हे क्षेत्र घोड्याच्या खोगिरासारखं असतं: पुढे-मागे चढ, डावी-उजवीकडे उतार. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पॉल यांनी एसी व्होल्टेज वापरून हे चढ-उतार सतत अदलाबदल होत ठेवले. योग्य वेगाने फिरणाऱ्या खोगिरावर गोळी ठेवली तर घरंगळायला लागते न लागते तोच उताराच्या जागी चढ येतो, आणि ती मधेच राहते. पॉलना १९८९मध्ये नोबेल मिळालं.

आता माझा आवडता भाग. या सापळ्यात कण मध्याभोवती हेलकावे खातो. व्होल्टेज तेच ठेवलं तर हेलकाव्यांची वारंवारता कणाचा विद्युतभार भागिले वस्तुमान या प्रमाणात असते. म्हणजे एक समीकरण आणि दोन अज्ञात राशी! मग कणावर अतिनील किरण टाकायचे. त्याने एखादा इलेक्ट्रॉन उडतो, विद्युतभार एका पायरीने वाढतो, वस्तुमानात मात्र म्हणण्यासारखा फरक पडत नाही. समजा वारंवारता सेकंदाला १०० होती, ती १०१ झाली. पायरी एकाच इलेक्ट्रॉनची असेल, तर आधी कणावर बरोबर १०० इलेक्ट्रॉनांची तूट होती. कधी दोन इलेक्ट्रॉन एकदम उडतात, म्हणून अशा बऱ्याच पायऱ्या मोजून सर्वांत लहान पायरी शोधावी लागते. इलेक्ट्रॉनचा भार ठाऊकच आहे: १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम. एवढ्यावरून वस्तुमान हाती येतं, कणाला बोटही न लावता.

निर्वात पोकळी इथेच उपयोगी पडते. हवेत रेणूंच्या माऱ्याने हेलकावे लगेच मरतात; हवा काढून टाकली की ते बराच वेळ टिकतात आणि वारंवारता तितकी नेमकी वाचता येते. अवकाशातल्या धुळीवर अतिनील किरणांनी किती भार चढतो, हेही असेच सुटे कण टांगून तपासलं गेलं आहे.

दुसरी वाट प्रकाशाची. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅश्किन यांनी १९७१मध्ये सुमारे २० मायक्रॉनची काचेची गोळी लेझरच्या झोतावर तोलून धरली. २०२०मध्ये व्हिएन्नातल्या गटाने साधारण १४३ नॅनोमीटरच्या काचेच्या कणाची थरथर, एका दिशेतली, पुंजयांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स) होऊ देते त्या किमान पातळीच्या जवळ आणली. ती थरथर तापमानात सांगायची तर सुमारे १२ मायक्रोकेल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचे जेमतेम १२ दशलक्षांश. कण स्वतः आतून मात्र लेझरच्या उजेडात गरमच होता.