परतीची तारीख ठरवण्याआधी
(अमेरिकेतून कायमचं महाराष्ट्रात परतणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडे येणारा पहिला फोन बहुतेकदा असा असतो : "तिकिटं काढली, सामान बांधायला घेतलं. आता बँकेचं आणि कराचं काय ते सांगा." आमची कळकळीची विनंती आहे, हा फोन तिकीट काढण्याआधी करा. तुमच्या तिथल्या बचतीवर इथे कर कधीपासून लागणार, मुलांना शाळा कोणत्या महिन्यात धरायची, विमा कधी घ्यायचा, हे सगळं त्या एका तारखेला बांधलेलं असतं.

दिवसांचा हिशेब

एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षात तुम्ही भारतात १८२ किंवा जास्त दिवस राहिलात, तर आयकराच्या दृष्टीने त्या वर्षी तुम्ही रहिवासी. पण परतलेल्या माणसाच्या परदेशातल्या उत्पन्नावर सरकार लगेच कर लावत नाही. मागच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतातले तुमचे दिवस ७२९ पेक्षा जास्त नसतील, तर तुम्हाला आरएनओआर, म्हणजे 'रहिवासी पण सामान्यतः रहिवासी नाही', हा मधला दर्जा मिळतो. या काळात अमेरिकेतलं व्याज, लाभांश, घरभाडं, तिथे विकलेल्या शेअर्सचा नफा यांवर इथे कर लागत नाही. मात्र इथे बसून चालवलेल्या धंद्याचं उत्पन्न या सवलतीत येत नाही.

समजा, तुम्ही १२ वर्षं अमेरिकेत आहात आणि दर वर्षी तीन आठवडे घरी येता. १ जुलै २०२६ ला कायमचे परतलात, तर २०२६-२७ आणि २०२७-२८ ही दोन वर्षं आरएनओआरची आणि १ एप्रिल २०२८ पासून जगभरातल्या उत्पन्नावर इथे कर. तेच १ नोव्हेंबर २०२६ ला आलात, तर पहिलं वर्ष अनिवासीच राहतं, दोन वर्षांचा हिशेब पुढे सरकतो आणि कर १ एप्रिल २०२९ पासून लागतो. चार महिने थांबल्याने पूर्ण वर्षाची सूट मिळते. कंपनीचे शेअर्स विकायचे असतील, तर हे वर्ष फार मोलाचं आहे.

एक सावधगिरी. आईवडिलांच्या आजारपणामुळे तुम्ही वरचेवर आला असाल आणि मागच्या ४ वर्षांत भारतातले दिवस ३६५ भरत असतील, तर १८२ ऐवजी ६० दिवसांतच रहिवासी ठरू शकता. अशांनी पासपोर्टवरचा प्रत्येक शिक्का मोजूनच तारीख धरावी.

आणि हेही मनापासून सांगतो : घरी कोणाची तब्येत ढासळत असेल, तर आमचं गणित बाजूला ठेवा आणि या. जो कर भरावा लागेल तो भरू. शाळेसाठी मुलांना जूनमध्ये आणायचं असेल, तर नवराबायकोचे दिवस वेगवेगळे मोजले जातात हे लक्षात ठेवा. एकाने मुलांबरोबर आधी येणं आणि दुसऱ्याने नोव्हेंबरात, हा मार्ग काही घरांना जमतो. पाच महिन्यांची ताटातूट सोसेल का, हे मात्र तुमचं तुम्हीच ठरवायचं.

बँकेचा कायदा निराळा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. परकीय चलनाचा कायदा, फेमा, दिवस मोजत बसत नाही. कायमचं राहायच्या किंवा नोकरीधंद्याच्या इराद्याने उतरलात, की तुम्ही रहिवासी. त्यामुळे एनआरई आणि एनआरओ ही अनिवासी भारतीयांची खाती तशीच ठेवता येत नाहीत, बँकेला कळवून बदलून घ्यावी लागतात. "मी अजून आरएनओआर आहे, म्हणजे एनआरईचं व्याज करमुक्त" हा समज चुकीचा आहे. परतल्यानंतरच्या एनआरई व्याजावर कर लागतो. ते पैसे आरएफसी, म्हणजे परतलेल्या रहिवाशांच्या परकीय चलनातल्या, खात्यात वळवले, तर ते परकीय चलनातच राहतात आणि आरएनओआर असेपर्यंत व्याजही करमुक्त असतं. एफसीएनआर, म्हणजे अनिवासी असताना परकीय चलनात ठेवलेली, ठेव मुदत संपेपर्यंत मोडायची गरज नाही. अमेरिकेतलं घर, खाती, शेअर्सही विकायची सक्ती नाही. परदेशात राहत असताना कमावलेली मालमत्ता तिथेच ठेवायला फेमाची परवानगी आहे.

फोर-ओ-वन-के, म्हणजे तिथल्या नोकरीतलं निवृत्ती खातं, मोडायची घाई करू नका. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या निवृत्ती खात्यांवरचा कर पैसे काढेपर्यंत पुढे ढकलण्याचा पर्याय आपल्या कायद्यात आहे, तो वेळेत निवडावा लागतो. आरएनओआर संपल्यावर मात्र परदेशातली खाती आणि मालमत्ता विवरणपत्रात दाखवायलाच हवी. राहून गेलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

तुमच्याकडे अमेरिकी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल, तर पुण्यात राहूनही तिथलं विवरणपत्र चालू राहतं. इथल्या खात्यांची बेरीज १०,००० डॉलरपेक्षा जास्त झाली, तर त्याचीही माहिती तिकडे द्यावी लागते. अशा ग्राहकांनी इथले म्युच्युअल फंड विचारल्याशिवाय घेऊ नयेत. अमेरिकी करात त्यांचा हिशेब फार जाचक असतो.

मुलं

तिथे जन्मलेल्या मुलांसाठी ओसीआय, म्हणजे भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांचं, कार्ड आधी काढा. त्यावर इथे राहणं, शिकणं, पुढे खासगी नोकरी करणं सगळं चालतं. पण ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर नीट, जेईईसारख्या प्रवेशांत त्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्या मुलांना अनिवासी भारतीयांच्या किंवा जादा निर्माण केलेल्या जागाच मिळू शकतात. मूल आठवी-नववीत असेल, तर हे आजच समजून घ्या. आधारचंही असंच : भारतीय पासपोर्ट असलेल्या आईबाबांना ते लगेच काढता येतं, ओसीआय मुलांचे मात्र आधीच्या १२ महिन्यांत भारतात १८२ दिवस भरावे लागतात.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. घरी मराठी बोलणारं मूलही देवनागरी वाचताना अडखळतं आणि वर्गात गप्प बसतं. निघण्याच्या सहा महिने आधीपासून आजीबरोबर व्हिडिओ कॉलवर रोज पंधरा मिनिटं वाचन ठेवा. आमच्या कामाशी याचा संबंध नाही, पण ज्यांनी हे केलं त्यांची मुलं लवकर रुळलेली आम्ही पाहिली.

आरोग्य विमा तिथली नोकरी सोडण्याआधीच इथे सुरू करा. आधीपासूनच्या मधुमेह, रक्तदाबासारख्या आजारांना ३ वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असतो, तो तेवढाच लवकर सरतो. सामानात १२० व्होल्टची उपकरणं आणू नका, इथे २३० व्होल्ट आहे.

पहिल्या भेटीला पॅन, सगळ्या खात्यांची यादी आणि मागच्या १० वर्षांतले सगळे पासपोर्ट आणा, रद्द झालेलेसुद्धा. दिवस त्यातल्या शिक्क्यांवरून मोजायचे असतात. तिथूनच बोलायचं असेल, तर शनिवारी सकाळी, म्हणजे तुमच्या शुक्रवारी रात्री, आम्ही व्हिडिओवर असतो.