माणूस तोच आहे, हे ठरवायचं कसं?

नागरिकत्वाचा अर्ज तपासणाऱ्यापुढे हाच प्रश्न असतो. १९८५ सालची गोष्ट. ब्रिटनमध्ये जन्मलेला एक मुलगा घानाहून आईकडे परत आला. त्याच्या पासपोर्टबद्दल अधिकाऱ्यांना शंका आली: हा खरंच या बाईचा मुलगा आहे, की तिच्या मुलाच्या नावावर आलेला भाचा? रक्तगटासारख्या तेव्हाच्या चाचण्यांनी दोघांचं नातं आहे एवढं दाखवलं. पण ती आई की मावशी, हे त्यांतून कळेना. वडील चाचणीसाठी उपलब्ध नव्हते.

लेस्टर विद्यापीठातल्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएच्या 'ठशां'चा, म्हणजे माणसामाणसात वेगळ्या असणाऱ्या डीएनएमधल्या खुणांचा, शोध १९८४च्या सप्टेंबरात लागला होता. या प्रकरणात त्यांनी आई, तो मुलगा आणि ज्यांच्याबद्दल वाद नव्हता अशी तीन भावंडं यांचे नमुने तपासले. भावंडांच्या डीएनएमधला जो भाग आईकडून आलेला नाही, तो वडिलांकडूनच आलेला असणार. अशा रीतीने गैरहजर वडिलांचा डीएनए मुलांमधून जुळवला गेला आणि मुलगा त्या बाईचाच असल्याचं सिद्ध झालं. डीएनए ठशांचा प्रत्यक्ष प्रकरणात झालेला हा पहिला वापर. पुढे गुन्ह्यांच्या तपासासाठी गाजलेलं हे तंत्र आधी एका मुलाला त्याच्या आईकडे राहता यावं म्हणून वापरलं गेलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

नागरिकत्वाच्या अर्जांची पडताळणी समजून घ्यायला हे प्रकरण उपयोगी आहे, कारण कुठल्याही यंत्राला माणसाकडे नुसतं पाहून 'हा अमुक' असं सांगता येत नाही. तुलनेला काहीतरी लागतं: जुना ठसा, जुना फोटो, रजिस्टरमधली ओळ, नातेवाइकाचं रक्त. पडताळणीचं सगळं शास्त्र तुलनेचं आहे.

सुरुवात कागदापासून होते. पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्यांतल्या काही आकड्यांमागे एक तपासणी-अंक असतो. समजा जन्मतारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ८५०३१४ अशी छापली आहे. प्रत्येक अंकाला अनुक्रमे ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ ने गुणायचं आणि बेरीज करायची: ५६, १५, ०, २१, ३ आणि ४, एकूण ९९. शेवटचा अंक ९, म्हणून तारखेपुढे ९ येतो. कुणी ८५चं ८३ केलं तर बेरीज ९३ होते, अंक ३ यायला हवा, आणि यंत्र लगेच अडतं. कुठलाही एक अंक बदलला तरी चूक पकडली जाते. शेजारचे दोन अंक आपसांत बदलले आणि त्यांच्यात नेमका ५चा फरक असला, जसे १ आणि ६, तर मात्र ती निसटते. अर्थात ही युक्ती वाचनातल्या चुका धरण्यासाठी आहे. नियम जगजाहीर असल्याने खोटा कागद करणाराही तो अंक बरोबर काढू शकतो.

फसवणूक रोखण्याचं खरं काम आतली चिप करते. चिपमधल्या माहितीवर त्या देशाची डिजिटल सही असते. सही करण्याची गुप्त किल्ली फक्त त्या सरकारकडे, आणि सही तपासण्याची किल्ली इतर देशांना दिलेली. फोटोतला एक बिंदू जरी बदलला, तरी सही जुळत नाही.

पण सही एवढंच सांगते की हा पासपोर्ट त्या सरकारने दिला आणि नंतर कुणी त्याला हात लावला नाही. तो ज्या जन्मदाखल्यावर दिला, तो दाखला खरा होता का, हे तिला ठाऊक नसतं. खोट्या दाखल्यावर मिळवलेला अस्सल पासपोर्ट चिपच्या परीक्षेत पूर्ण गुणांनी पास होतो. म्हणून अनुभवी तपासनीस पासपोर्टच्या मागे जाऊन त्याच्या मूळ कागदापर्यंत पोहोचायला बघतात.

कागदानंतर शरीर. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका करारावर सहीसोबत कंत्राटदाराच्या हाताचा छाप घेतला. पुढे कोलकात्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी करण्याच्या पद्धतीला गणिती बैठक दिली, पण पद्धत ओळखली गेली ती त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. आज बोटांचे ठसे घेणं अनेक देशांत नागरिकत्वाच्या अर्जाचा नेहमीचा भाग आहे.

इथे दोन वेगळे प्रश्न असतात. 'हा ठसा याच्या जुन्या ठशाशी जुळतो का?' हा सोपा. 'हा ठसा आपल्याकडच्या कुणाशीही जुळतो का?' हा अवघड. समजा चुकून जुळणी दाखवण्याची शक्यता १० लाखांत १ आहे. एकाशी एक ताडून पाहताना ही चूक नगण्य. पण १ कोटी नोंदींत शोध घेतला तर एकाच शोधात सरासरी १० परकी माणसं 'जुळलेली' म्हणून वर येतील. म्हणून यंत्राने दाखवलेली जुळणी ही तपासाची सुरुवात समजायला हवी. २००४च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा असल्याचं एफबीआयने ठामपणे सांगितलं आणि त्याला ताब्यात घेतलं. ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला.

चेहऱ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१९ साली चेहरे जुळवणारे अनेक अल्गोरिदम, म्हणजे संगणकाच्या पद्धती, तपासले. गोऱ्या लोकांच्या तुलनेत आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत चुकीच्या जुळणीचं प्रमाण बऱ्याचदा १० ते १०० पट आढळलं.

आणि मुळात नोंदच हाताशी नसेल तर? २०१६ साली अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी एक अहवाल दिला. दुसऱ्या नावाने देशाबाहेर काढण्याचा आदेश झालेल्या किमान ८५८ जणांना नागरिकत्व मिळून गेलं होतं. त्यांचे जुने ठसे कागदावर होते, संगणकात चढलेच नव्हते. अशी सुमारे १ लाख ४८ हजार जुनी कार्डं शिल्लक होती. संगणकाने शोध घेतला, पण ज्या खणात उत्तर होतं तो खण त्याच्यापुढे उघडलाच नव्हता. मला वाटतं, अधिक हुशार यंत्रांवर होणाऱ्या खर्चातला मोठा वाटा जुनी दप्तरं नीट लावण्यावर व्हायला हवा.

नावांचा गोंधळ तर जुनाच. 'मोहम्मद' हे एकच नाव रोमन लिपीत डझनावारी तऱ्हांनी लिहिलं जातं. १९१८ साली पेटंट झालेल्या 'साउंडेक्स' पद्धतीत नाव उच्चारावरून नोंदतात: पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या ध्वनींच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. रॉबर्ट आणि रूपर्ट दोघांचाही संकेत 'आर १६३' येतो. हरवलेली नोंद सापडते, पण भलत्याच माणसाचा गुन्हाही आपल्या नावापुढे येऊ शकतो. नुसत्या नावावरून कुणाला दोषी धरू नये, जन्मतारीख आणि ठसेही ताडावेत, ते याचसाठी.

मग येते पार्श्वभूमी: देशात किती दिवस राहिलात, कर भरला का, पोलिसांत काही नोंद आहे का. कॅनडात अर्जाआधीच्या ५ वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष वास्तव्य लागतं, आणि ते येण्याजाण्याच्या नोंदींवरून मोजता येतं.

मुलाखत मात्र मोजता येत नाही. समोरचा खोटं बोलतोय का, हे चेहऱ्यावरून ओळखता येतं असा अनेकांचा विश्वास असतो. २००६ साली बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी अशा प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर आला. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतं. म्हणून चांगला अधिकारी डोळ्यांतली चलबिचल न पाहता तपशील पाहतो: नोकरी सुटल्याची तारीख आणि घर बदलल्याची तारीख एकमेकींशी जमतात का. तिथेही सावध राहावं लागतं, कारण प्रामाणिक माणसाच्या आठवणीतही तारखा सरकतात. २० वर्षांपूर्वीचा घराचा पत्ता न अडखळता सांगणारा माणूस पाठ करून आलेलाही असू शकतो.

ज्यांची नोंदच कधी झाली नाही, त्यांच्यासाठी हे सगळं सर्वांत कठीण जातं. युनिसेफच्या २०२४च्या अंदाजानुसार जगातल्या ५ वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांच्या जन्माची नोंद नाही. अशा माणसाला पुढे शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, गावातल्या वडीलधाऱ्यांचं शपथपत्र अशा तुकड्यांतून स्वतःचा जन्म सिद्ध करावा लागतो. कागद नाही याचा अर्थ माणूस खोटा आहे असा होत नाही, पण घाईत असलेल्या कार्यालयात या दोन गोष्टींची फार सहज गल्लत होते.

डीएनएने तरी सुटका होईल असं वाटतं. पण १९८५च्या त्या प्रकरणात प्रश्न रक्ताचाच होता, म्हणून चाचणीचं उत्तर लागू पडलं. लहानपणापासून घरात वाढवलेलं, पण पोटचं नसलेलं मूल तपासलं, तर अहवाल 'नातं नाही' असं सांगेल आणि तो बरोबरही असेल. ज्याला आपण जन्मभर वडील म्हणत आलो तो जन्मदाता नव्हता, हे एखाद्याला सरकारी पाकिटातून पहिल्यांदा कळू शकतं. तो अहवाल समोर ठेवून हे कुटुंब आहे की नाही, याचा निर्णय मग टेबलापलीकडच्या माणसालाच घ्यावा लागतो.