‘सेंट लुइस ब्लूज’ सलग १२ बारांचं नाही

अमेरिकी संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांचं ‘सेंट लुइस ब्लूज’ (१९१४) हे गाणं म्हणजे साधा १२ बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तालखंड) ब्लूज, हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. छापील गाण्यात आधी १२ बारांची दोन कडवी, मग १६ बारांचा मायनर, म्हणजे कोमल गंधाराचा, भाग आणि शेवटी पुन्हा १२ बार येतात, एकूण ५२.

मधल्या १६ बारांत हबानेराची, म्हणजे क्यूबाकडून आलेली टँगोसारखी चाल आहे. एका बारचे ८ सारखे भाग पाडा आणि १, ४, ५, ७ वर ठोका द्या, ती लगेच हाती येते.

घोटाळा गंधारात, म्हणजे ‘ग’ या तिसऱ्या सुरात, होतो. पहिल्या भागातही सुरावट कोमल गंधाराला स्पर्श करते, पण खालचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) शुद्ध गंधाराचाच असतो. ब्लूजची सगळी गंमत त्या घासण्यात आहे. मधल्या भागात मात्र कॉर्डच कोमल गंधाराचा होतो. तिथे गिटारवाल्याने मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराचा कॉर्ड, धरून ठेवला की गाणं बेसूर होतं.

जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांचं १९२९चं ध्वनिमुद्रण ऐका, सुरुवातच या मायनर भागाने होते.