सात जूनचा जबाब : नाशिकच्या एका खून खटल्याची पार्श्वभूमी

५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाशिकच्या खटल्यातल्या सहा जणांची निर्दोष सुटका केली. त्याआधी दहा वर्षांपूर्वी याच न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली होती. पुरावा तोच, आरोपी तेच. मग मधल्या काळात असं काय बदललं, हे समजून घ्यायचं तर २००३ च्या जूनपर्यंत मागे जावं लागतं, आणि एका बाबतीत १८७१ पर्यंत.

२००३ हे नाशिकचं सिंहस्थाचं वर्ष. शहर आणि पोलीस दोघेही त्या तयारीत असताना ५ जूनच्या रात्री पेरूच्या बागेत झोपडी करून राहणाऱ्या एका शेतकरी कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, एका बाईवर आणि एका मुलीवर बलात्कार झाले. त्या रात्रीतून दोघंच वाचली, एक आई आणि तिचा मुलगा. या प्रकरणाबद्दल बोलताना सुरुवात त्या दोघांपासूनच व्हायला हवी असं मला वाटतं, कारण पुढे जे घडलं त्यात अन्याय त्यांच्यावरही झाला.

दोनच दिवसांनी, ७ जूनला, पोलिसांनी त्या आईला गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला. पानं उलटता उलटता तिने चार चेहऱ्यांवर बोट ठेवलं. ते चौघे पोलिसांच्या दप्तरी आधीपासून होते, म्हणून तर त्यांचे फोटो अल्बमात होते. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर तसा जबाबही नोंदवला गेला. आठवण ताजी, साक्षीदार प्रत्यक्ष पाहणारी, त्यामुळे तपासाला यापेक्षा चांगला धागा मिळणं कठीण. पण त्या चौघांपैकी एकावरही दोषारोपपत्र दाखल झालं नाही. अटक झाली ती भटक्या जमातीच्या, मोलमजुरी करणाऱ्या सहा जणांना, आणि त्यांची ओळख पटली ती नंतरच्या ओळख परेडमध्ये, म्हणजे साक्षीदारासमोर माणसं रांगेत उभी करून. खटला त्याच ओळखीवर उभा राहिला आणि सात जूनचा जबाब बाजूला पडला.

इथे १८७१ चा संबंध येतो. त्या वर्षी इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि माणूस जन्मानेच गुन्हेगार ठरू लागला. १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट ही त्याचीच खूण. कुंपणातल्या माणसांची हजेरी घेतली जायची आणि बाहेर पडायचं तर परवानगी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण त्या कायद्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ साली. दरोडा पडला की पोलिसांची गाडी आधी कुठल्या पालांवर जाते, ते भटक्या-विमुक्तांमधल्या कुणालाही विचारा. ज्यांच्याकडे धड रेशनकार्ड नाही, त्यांना वकील कुठून मिळणार?

१२ जून २००६ ला नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २२ मार्च २००७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. प्रकरण दिल्लीला गेलं. तिघांनी फाशीविरुद्ध अपील केलं होतं, तर उरलेल्या तिघांनाही फाशीच हवी म्हणून राज्य सरकारने. ३० एप्रिल २००९ रोजी न्या. अरिजित पसायत आणि न्या. मुकुंदकम शर्मा यांच्या खंडपीठाने सरकारचं म्हणणं मान्य केलं आणि सहाही जणांना फाशी ठरली.

त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, १३ मे २००९ ला, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने बरियार नावाच्या आरोपीच्या वेगळ्या खटल्यात सांगितलं की १९९६ च्या ज्या रावजी निकालाच्या आधारे फाशी दिली जात होती, तो निकालच चुकीचा आहे. रावजी निकालात भर होता गुन्ह्याच्या क्रौर्यावर. १९८० चा बच्चनसिंग निकाल मात्र सांगतो की गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराची परिस्थितीही पाहिली पाहिजे. नाशिकच्या सहा जणांची फाशी याच चुकीच्या वाटेने आली होती. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून अशा तेरा कैद्यांची फाशी रद्द करण्याची विनंती केली. त्या तेरांत हे सहा होते. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही पुढे सिद्ध झालं. ज्याला फाशी देताच येत नाही, असा मुलगा वर्षानुवर्षं फाशीच्या कोठडीत होता. हे वाक्य लिहितानाही हात अडखळतो.

दार उघडलं ते २०१४ मध्ये. फाशीच्या कैद्याची पुनर्विलोकन याचिका, म्हणजे आपलाच निकाल पुन्हा तपासा ही न्यायालयाला केलेली विनंती, न्यायाधीशांच्या दालनात कागद फिरवून निकाली काढायची नाही, खुल्या न्यायालयात तीन न्यायाधीशांनी ती ऐकायची, असं घटनापीठाने ठरवलं. एरवी रुक्ष वाटावा असा हा नियम, पण त्यानेच या सहा जणांना पुन्हा बोलायची जागा मिळाली. ३१ ऑक्टोबर २०१८ ला जुना निकाल मागे घेतला गेला आणि अपिलं नव्याने ऐकली गेली.

न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा यांनी अखेर सात जूनचा जबाब समोर ठेवून प्रकरण वाचलं. अल्बममधल्या चौघांना सोडून यांना का धरलं, याचं उत्तर सरकारी पक्षाकडे नव्हतं. सहा जणांना खोटं गोवलं गेलं, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्या आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करा, असे आदेश निघाले.

तुरुंगातली जवळजवळ सोळा वर्षं, त्यातली बरीच फाशीच्या छायेत, आणि मोल पाच लाख. ही भरपाईसुद्धा न्यायालयाच्या मनावर असते, कारण हक्काने मागता येईल असा कायदा तेव्हा नव्हता. १९८३ मध्ये बिहारच्या रुदुल शाह प्रकरणात न्यायालयाने अशी भरपाई देण्याची वाट पाडली. निर्दोष सुटल्यावरही रुदुल शाह चौदा वर्षं तुरुंगात होता. ऑगस्ट २०१८ मध्ये विधी आयोगाने २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र न्यायालयं आणि कायदेशीर तरतूद सुचवली होती. त्यानंतर काही महिन्यांतच हा निकाल आला.

त्याच निकालात आणखी एक आदेश होता. त्या आईने ज्या चार फोटोंवर बोट ठेवलं होतं, त्या चौघांचा तपास करा. बोट ठेवलं २००३ मध्ये, आदेश निघाला २०१९ मध्ये.